ओटो वाग्नर : त्रेपन्नाव्या वर्षी मास्तर झालेला वास्तुकार

आडवाट

व्हिएन्नाला जाऊन आलेले बहुतेक जण ओटो वाग्नरच्या कामातून हिंडून आलेले असतात, पण नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. मेट्रोच्या यू-४ आणि यू-६ मार्गांवरची हिरव्या लोखंडी कठड्यांची जुनी स्टेशनं त्याची. नाशमार्क्ट बाजाराजवळची फुलांच्या टाइल्सची इमारत त्याची. शहराच्या पश्चिम कडेला टेकडीवर सोनेरी घुमटाचं चर्च दिसतं, तेही त्याचंच. या सगळ्यावर बोलूच, पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. मला वाग्नर आवडतो तो मास्तर म्हणून. १८९४पासून पुढची जवळपास अठरा वर्षं त्याच्या हाताखालून जी मुलं गेली, त्यांनी प्राग, ल्युब्ल्याना, ब्रसेल्स, थेट लॉस एंजेलिसपर्यंत कामं केली. आणि शिकवायला बसला तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता, जुन्या धाटणीच्या इमारती बांधून चांगला स्थिरस्थावर झालेला. त्या वयात माणूस सहसा आपलं तेच खरं म्हणत बसतो. याने स्वतःचंच आधीचं काम बाजूला सारलं.

थोडं आधीचं सांगतो. जन्म १३ जुलै १८४१चा, पेन्झिंगमधला. पेन्झिंग तेव्हा व्हिएन्नाबाहेरचं गाव होतं. वडील नोटरी, ओटो पाच वर्षांचा असताना गेले. व्हिएन्नाचं पॉलिटेक्निक, मग बर्लिनची बाउआकाडेमी ही वास्तुकलेची शाळा, मग परत येऊन व्हिएन्नाची ललित कला अकादमी असं शिक्षण. अकादमीत दोन गुरू मिळाले, सिकार्ड्सबुर्ग आणि फान डेर न्युल. व्हिएन्नाचा प्रसिद्ध ऑपेरा बांधला तीच ही जोडी. एकाकडून आपण उपयुक्ततेचा विचार शिकलो आणि दुसऱ्याकडून रेखाटन, असं वाग्नर पुढे सांगायचा.

या दोघांचं जे झालं ते वाचून आजही वाईट वाटतं. ऑपेरा पूर्ण व्हायच्या आतच गावाने आणि वर्तमानपत्रांनी त्याची इतकी हेटाळणी केली की एप्रिल १८६८मध्ये फान डेर न्युलने जीव दिला, आणि जूनमध्ये सिकार्ड्सबुर्गही गेला. ऑपेरा सुरू झाला मे १८६९मध्ये. बांधणाऱ्या दोघांपैकी एकालाही तो दिवस दिसला नाही. वाग्नर तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर तो टीकेपुढे वाकला नाही, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

नंतरची पंचवीस वर्षं त्याने पैसा कमावला. जागा घ्यायची, तिच्यावर भाड्याच्या घरांची इमारत उठवायची, तिथेच एका मजल्यावर राहायला जायचं, भाव आला की विकून पुढच्या जागेकडे वळायचं. आपण आज त्याला बिल्डरच म्हणू. बाहेरून रेनेसाँच्या थाटाच्या इमारती, आतली आखणी मात्र मोकळी आणि नेटकी. याशिवाय बुडापेस्टमधलं रुम्बाख रस्त्यावरचं सिनेगॉग, व्हिएन्नातली लेंडरबँक, ह्युटेलडोर्फमधला स्वतःचा बंगला. जिना कुठे घेतला की एक खोली जास्त निघते, भाडेकरू कशासाठी दोन पैसे जास्त मोजतो, हे सगळं त्याला प्राध्यापक होण्याआधी पुरतं ठाऊक होतं.

१८९४मध्ये अकादमीतला प्राध्यापक हाझेनाउअर वारला आणि त्याची जागा वाग्नरला मिळाली. निवडणाऱ्यांची अपेक्षा साधी होती, जुन्या शैलींत मुरलेला एक माणूस गेला, दुसरा आला. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच व्याख्यानात वाग्नरने सांगून टाकलं की आपल्या कामाची सुरुवात आजच्या जगण्यापासूनच व्हायला हवी. १८९६मध्ये याच विचारांचं त्याचं पुस्तक आलं, ‘आधुनिक वास्तुकला’ या नावाचं, मुळात विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

शिकवायचा कसा, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

शर्वरी_के

मस्त धागा. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या तासाला वाग्नर एका स्लाइडमध्ये संपला होता. स्टेशन, बँक, चर्च, पुढे चला. शिक्षक म्हणून तो एवढा मोठा होता हे कुणी सांगितलंच नाही. अभ्यासक्रमाबद्दल नक्की लिहा.

पानगळ

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आडवाट

@शर्वरी_के, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. प्रवेश मोजक्याच मुलांना, वर्षाला ओंजळभर.

पहिल्या वर्षी काय द्यायचा? भाड्याच्या घरांची इमारत. व्हिएन्नातली नेहमीची चाळवजा, चार-पाच मजल्यांची, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. अकादमीत तोवर मुलं राजवाडे आणि मंदिरांच्या दर्शनी बाजू घोटत असायची, तिथे हे पहिलं काम! त्याचं म्हणणं असं की पोट भरायला उद्या तुम्ही हेच बांधणार आहात, शहर याच इमारतींचं बनलेलं आहे, तेव्हा हे आधी नीट यायला हवं. दुसऱ्या वर्षी सार्वजनिक इमारत, जिच्यात गुंतागुंत जास्त. आणि तिसऱ्या वर्षी असा प्रकल्प, जो आयुष्यात कधीही करायला मिळणार नाही. बेटावरचा राजवाडा म्हणा, डोंगरमाथ्यावरचं देऊळ म्हणा. कल्पनेला मोकळं रान.

मला हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला वाटतो. स्वप्न शेवटी ठेवलंय. आधी बिऱ्हाडकरूची मोरी नीट काढता आली पाहिजे, मग उडा हवं तितकं उंच.

दुसरी गोष्ट प्रवासाची. अकादमीची रोमला जायची शिष्यवृत्ती मोठ्या मानाची होती. वाग्नरचं मत होतं की तरुणाने आधी मोठी, आधुनिक शहरं पाहावीत, इटली नंतर. शिष्यवृत्ती मिळवलेले त्याचे विद्यार्थी गेले इटलीलाच, पण पाहिलं वेगळं. योझेफ हॉफमन १८९५मध्ये गेला आणि काप्री बेटावरची शेतकऱ्यांची पांढरी, साधी घरं चितारत बसला. याच हॉफमनने पुढे व्हिएन्नाजवळ पुर्कर्सडोर्फचं सॅनेटोरियम आणि ब्रसेल्सचा स्टोक्ले राजवाडा बांधला.

तिसरं म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तो छापायला लावायचा. ‘वाग्नर-शूल’ (वाग्नरची शाळा) या नावाखाली त्यांची रेखाटनं नियतकालिकातून प्रसिद्ध व्हायची आणि युरोपभर पाहिली जायची. विशी-पंचविशीतल्या मुलाला याहून मोठं बळ काय असणार?

दगडधोंडा

मी बांधकामातला माणूस, सिव्हिल. वाग्नरने व्हिएन्नात बांधलेल्या पोस्टाच्या बचत बँकेच्या इमारतीबद्दल एक शंका आहे. दर्शनी भिंतीवर संगमरवराच्या पातळ लाद्या आणि त्यांवर सगळीकडे बोल्टची डोकी दिसतात. लाद्या त्या बोल्टांनीच धरून ठेवल्या आहेत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण लाद्यांमागे मसाला आहेच की. एकदा तो धरला की बोल्टचं काम किती उरतं? मग ही सजावटच झाली ना? प्रामाणिक साहित्य वापरा म्हणणाऱ्या माणसाने असं केलं हे मला खटकतं.

मुक्काम_व्हिएन्ना

या इमारतीवरून माझं नेहमी जाणं-येणं असतं, म्हणून जवळून जे दिसतं ते लिहिते.

तळाशी ग्रॅनाइट, वरच्या मजल्यांवर फिकट संगमरवर. प्रत्येक लादीवर बोल्ट, त्यांच्यावर अॅल्युमिनियमच्या टोप्या. ऊन तिरपं आलं की टोप्या चमकतात आणि अख्खी भिंत ठिपक्यांची दिसते. १९०४ ते १९०६मध्ये अॅल्युमिनियम ही नवलाईची वस्तू होती आणि या पठ्ठ्याने ती सरकारी बँकेच्या तोंडावर लावली. छताच्या कडेला शिल्पकार शिमकोविट्सने केलेल्या दोन पंखवाल्या मूर्ती आहेत, त्याही अॅल्युमिनियमच्याच.

आत बँकेच्या व्यवहारांच्या खिडक्यांचा मोठा हॉल आहे, त्यावर काचेचं छत. दुधी उजेड वरून पसरतो, सावली जवळजवळ पडतच नाही. छताला आधार देणारे खांब खाली निमुळते होत जातात, रिव्हेट उघडे दिसतात. जमिनीतही काचेच्या विटा बसवल्या आहेत, त्यांच्यातून उजेड तळघरातल्या खोल्यांपर्यंत झिरपतो. भिंतींपाशी माणसाच्या उंचीच्या आसपासचे गोल खांब उभे दिसतात, ते खांब नाहीत, गरम हवा सोडणारे नळ आहेत. हिवाळ्यात बाहेरून आलेला माणूस गारठून जाऊ नये म्हणून. हे नळ लपवायची त्याला गरज वाटली नाही.

आता तिथे बँक नाही, विद्यापीठाचे विभाग आलेत. हॉलमध्ये मात्र जाता येतं.

आडवाट

@दगडधोंडा, शंका रास्त आहे, आणि अभ्यासकांनीही ती मांडली आहे. मसाला धरेपर्यंत लादी जागेवर राहावी हे बोल्टचं मुख्य काम, नंतर भार मसाल्यावर. पण वाग्नरचा युक्तिवाद मुळात वेळ आणि पैशाचा आहे. पुस्तकात तो दोन पद्धती शेजारी-शेजारी ठेवतो. जुनी पद्धत म्हणजे दगडाचे मोठमोठे ठोकळे घडवायचे, चढवायचे, वर्षानुवर्षं काम चालू. नवी म्हणजे विटांची भिंत आणि तिच्यावर उत्तम दगडाची पातळ लादी. दगड कमी लागतो म्हणून तो उंची घेता येतो, आणि काम लवकर उरकतं. भिंत भरीव दगडाची नाही, हे लपवायचं नाही म्हणून बोल्ट दाखवायचा. ‘ही लादी वरून लावलेली आहे’ हे ती भिंत स्वतःच सांगते. मला यात अप्रामाणिकपणा दिसत नाही, उलट ठोकळ्यांची नक्कल करणारं प्लास्टर त्या काळी सर्रास चालायचं, ते अप्रामाणिक.

दगडधोंडा

पूर्ण पटलं नाही, पण लादी कशी लावली हे दाखवायचं, हा मुद्दा कळला. आज आम्ही ड्राय क्लॅडिंग करतो, म्हणजे मसाल्याशिवाय लाद्या बसवतो, तेव्हा क्लॅम्प लपवण्यातच सगळं कौशल्य जातं.

पोस्टखातं

पोस्टात नोकरी केली, त्यामुळे या बँकेबद्दल वाचून आनंद झाला. ब्रिटनमध्ये पोस्टाची बचत बँक १८६१मध्ये सुरू झाली. आपल्याकडे पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक आली १८८२मध्ये, आणि ऑस्ट्रियाची १८८३मध्ये. म्हणजे आपलं पासबुक व्हिएन्नाच्या पासबुकाहून वर्षभराने मोठं! कल्पना तीच, मोठ्या बँकेत ज्याला कुणी विचारत नाही त्याने चार-आठ आणे जवळच्या पोस्टात टाकावेत. अशा खातेदारांसाठी कुणीतरी काचेच्या छताचा हॉल बांधला, गारठू नये म्हणून गरम हवेची सोय केली, याचं मला फार अप्रूप वाटतं. काउंटरच्या अलीकडे उभ्या माणसाचा विचार केलेली इमारत मी नोकरीत फार थोड्या ठिकाणी पाहिली.

तगर

ल्युब्ल्यानाला काही काळ राहिले आहे, त्यामुळे योझे प्लेच्निकबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ल्युब्ल्यानाच्या सुताराचा मुलगा. शालेय शिक्षण यथातथाच. व्हिएन्नात फर्निचरची रेखाटनं करून पोट भरत होता. वाग्नरने त्याचं काम पाहिलं, आधी आपल्या कचेरीत घेतलं आणि मग शाळेत. बरोबरची मुलं रीतसर शिकलेली, याला गणितापासून सगळं जड. तरी १८९८मध्ये रोमची शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडला.

गुरूचं घडवणं कळायचं तर ल्युब्ल्याना पाहावं. तीन पुलांचा एकत्र घाट, नदीकाठचा खांबांच्या रांगेचा बाजार, विटा आणि खडबडीत दगड मिसळून बांधलेलं राष्ट्रीय ग्रंथालय. वाग्नरसारखं त्यात काही दिसत नाही! प्लेच्निकला जुन्या खांबांचं, कमानींचं प्रेम. पण पायरी, कठडा, दिव्याचा खांब यांपैकी काहीही क्षुल्लक मानायचं नाही ही शिस्त वाग्नरची. २०२१मध्ये ही कामं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

शर्वरी_के

@तगर, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शिष्य गुरूसारखे दिसत नाहीत. हॉफमन वेगळा, प्लेच्निक वेगळा. आमच्याकडे एका स्टुडिओतून बाहेर पडलेली मुलं ओळखू येतात, सगळ्यांच्या शीटवर सरांचीच इमारत असते.

आडवाट

अगदी. नावं घेतो म्हणजे पसारा कळेल. यान कोटेरा वाग्नरकडून निघाला आणि १८९८मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, प्रागच्या कला-उद्योग शाळेत प्राध्यापक झाला. झेक आधुनिक वास्तुकलेची सुरुवात त्याच्यापासून धरतात. पावेल यानाक आणि योसेफ खोखोल हेही वाग्नरकडचेच, त्यांनी पुढे प्रागमध्ये क्युबिस्ट, म्हणजे कोनाकोनांच्या, घरांचा घाट घातला. माक्स फाबियानी वाग्नरच्या कचेरीतला, १८९५च्या भूकंपानंतर ल्युब्ल्यानाच्या पुनर्रचनेची योजना त्याने केली. रुडॉल्फ शिंडलर १९१४मध्ये अमेरिकेला गेला, तिथल्या नामवंत वास्तुकार फ्रँक लॉइड राइटकडे काम केलं आणि १९२२मध्ये लॉस एंजेलिसजवळ किंग्ज रोडवर काँक्रीट, लाकूड आणि सरकत्या पडद्यांचं स्वतःचं घर बांधलं.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं व्हिएन्नातच घडलं. पहिल्या महायुद्धानंतर समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. १९३४पर्यंत साठ हजारांहून जास्त. त्यांच्या वास्तुकारांत वाग्नरचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. हुबर्ट गेसनरचा रॉयमनहोफ, कार्ल एनचा कार्ल-मार्क्स-होफ. शेवटचा तर एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांचा, मध्ये मोठमोठी अंगणं, धुलाईघरं, बालवाड्या. पहिल्या वर्षी ‘भाड्याची इमारत काढा’ म्हणून दिलेला तो गृहपाठ बघा कुठे जाऊन पोहोचला! वाग्नर स्वतः समाजवादी नव्हता, जागा घेऊन विकणारा माणूस होता. पण सामान्य बिऱ्हाड हा वास्तुकलेचा गंभीर विषय आहे हे त्याने मुलांच्या मनावर बिंबवलं, ते त्या घरांपर्यंत गेलं.

निवडुंग

एक विचारायचं आहे. कार्ल्सप्लात्झची स्टेशनं, पांढऱ्या संगमरवराच्या लाद्या, हिरवी लोखंडी चौकट, सोनेरी सूर्यफुलं, ती ओल्ब्रिखच्या हातची आहेत असं मी वाचलंय. फुलांच्या इमारतीची नक्षी आलोइस लुडविगची. शेजारच्या घरावरची सोनेरी पदकं चित्रकार कोलोमन मोझरची. मग वाग्नरचं काय? मोठ्या कचेरीत मी बरीच वर्षं घासली आहेत. रात्र-रात्र जागून केलेल्या ड्रॉइंगवर सही दुसऱ्याची आणि सत्काराच्या दिवशी आपलं नाव कुणाला आठवत नाही, हे भोगलं आहे. त्यामुळे ‘थोर गुरू’ म्हटलं की मी आधी विचारतो, काम कुणाचं?

आडवाट

@निवडुंग, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. श्टाटबानचं, म्हणजे ती स्टेशनं असलेल्या शहरी रेल्वेचं, काम आलं तेव्हा वाग्नरच्या कचेरीत सत्तरएक माणसं होती. योझेफ मारिया ओल्ब्रिख १८९४ ते १८९८ तिथे होता आणि स्टेशनांवर त्याचा हात स्पष्ट दिसतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात असं मला वाटतं. एक, पूल, बोगदे, कठडे, दिवे, पाट्या हे सगळं एकाच भाषेत बोलतं, ती आखणी वाग्नरची. त्या तरुणांच्या नक्षीखालचा सांगाडाही त्याचा. दुसरं, त्याने या मुलांना झाकलं नाही. ओल्ब्रिखने १८९७-९८मध्ये जुन्या कलासंस्थेतून फुटून निघालेल्या सेसेशन या कलावंतांच्या गटाचं प्रदर्शनगृह स्वतःच्या नावाने बांधलं. वाग्नर, साठीच्या उंबऱ्यावरचा सन्मान्य प्राध्यापक, १८९९मध्ये आपल्याच शिष्यांच्या त्या बंडखोर गटात जाऊन सामील झाला. व्हिएन्नात केवढा गहजब झाला असेल! माझं मत असं की त्याने मुलांना जितकं दिलं तितकंच मुलांकडून घेतलं. १८९४च्या आधीचं काम आणि नंतरचं काम शेजारी ठेवलं की हे दिसतं.

तुमच्या अनुभवाला यामुळे उत्तर मिळत नाही हे मान्य.

निवडुंग

शिष्यांच्या गटात जाऊन सामील झाला, हे माहीत नव्हतं. एवढं तरी आमच्या नशिबी असतं!

पानगळ

मुलीही होत्या का वर्गात? नावांत एकही दिसली नाही.

मुक्काम_व्हिएन्ना

नाही. व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९२०मध्ये, वाग्नर गेल्यानंतर. मार्गारेटे लिहोत्स्की, जिने पुढे फ्रँकफुर्ट किचन (आजच्या आटोपशीर मॉड्युलर किचनचं पूर्वरूप) आखलं, ती १९१५मध्ये वास्तुकला शिकायला कला-उद्योग शाळेत गेली, कारण अकादमीचं दार बंद होतं. म्हणजे ‘वाग्नरच्या शाळेने मध्य युरोप घडवला’ म्हणताना अर्धं जग त्या शाळेबाहेर उभं होतं, हे लिहून ठेवायलाच हवं.

आडवाट

लिहून ठेवायलाच हवं, खरंय.

आता चर्च आणि त्याने ओढवलेला रोष. श्टाइनहोफला मनोरुग्णांसाठी प्रचंड मोठं इस्पितळ उभं राहिलं, साठ पॅव्हिलियनांचं, म्हणजे सुट्या इमारतींचं. टेकडीच्या माथ्यावर सेंट लिओपोल्डचं चर्च वाग्नरचं, १९०४ ते १९०७. प्रार्थनेला येणार कोण, याचा इतका बारकाईने विचार मी दुसऱ्या कुठल्याही चर्चमध्ये पाहिलेला नाही. बाकं आखूड, म्हणजे मध्येच कुणाला झटका आला तर परिचारकाला लगेच पोहोचता येतं. बाकांचे कोपरे गोलसर. जमीन वेदीकडे किंचित उतरती, म्हणजे मागच्यालाही दिसतं. पवित्र पाण्यात सगळ्यांनी हात बुडवला तर रोग पसरेल, म्हणून पाणी वरून थेंबाथेंबाने येतं. डॉक्टरसाठी खोली, तातडीने बाहेर पडायच्या वाटा. आणि हे सगळं कोलोमन मोझरच्या रंगीत काचांच्या उजेडात. दवाखान्याची काटेकोर सोय आणि देवघराची प्रसन्नता त्याने एकाच जागी आणली. घुमटाच्या पिवळ्या रंगामुळे लोकांनी टेकडीला लिंबाचं नाव दिलं होतं.

८ ऑक्टोबर १९०७ला उद्घाटनाला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आला. त्याला ही इमारत मुळीच रुचली नाही. अठराव्या शतकातल्या सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळची शैली हीच उत्तम, असं तो म्हणाला. त्यावर वाग्नरने सांगितलं की तेव्हा तोफांवरही नक्षी करत, आता त्या गुळगुळीत असतात, असा किस्सा सांगतात. भावी सम्राटाला असं उत्तर देणाऱ्याला पुढे राजघराण्याचं काम कसं मिळणार? कार्ल्सप्लात्झवर शहराचं संग्रहालय बांधायचं स्वप्न त्याने दहा वर्षं उराशी धरलं. आराखड्यामागून आराखडे केले, १९१०मध्ये दर्शनी भागाचा एक तुकडा खऱ्या मापात जागेवर उभारून दाखवला. झालं नाही.

मुक्काम_व्हिएन्ना

श्टाइनहोफबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. नात्सी काळात, १९४० ते १९४५, त्याच आवारात ‘आम श्पीगलग्रुंड’ नावाचा विभाग होता आणि तिथे ७८९ आजारी, अपंग मुलं मारली गेली. आता आवारात त्यांच्यासाठी स्मारक आहे. चर्च पाहायला जाणाऱ्यांनी तिथेही थांबावं.

तगर

प्लेच्निकच्या प्राध्यापकपदाची गोष्ट राहिली. वाग्नर निवृत्त होताना अकादमीतल्या प्राध्यापकांनी त्याच्या जागी प्लेच्निकचं नाव सुचवलं. वरून मंजुरी आलीच नाही. जर्मन नसलेला, स्लाव्ह माणूस, आणि आर्चड्यूकची नाराजी. शेवटी १९१३मध्ये लेओपोल्ड बाउअरला नेमलं. तोही वाग्नरचाच विद्यार्थी, पण गुरूच्या विचारांपासून फारकत घेतलेला. मुलांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. प्लेच्निक तोवर प्रागला निघून गेला होता, कोटेराच्या बोलावण्यावरून. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष मासारिकने प्रागच्या किल्ल्याच्या नूतनीकरणाचं काम त्याच्या हाती सोपवलं, आणि मग तो ल्युब्ल्यानात शिकवायला परतला.

आडवाट

धन्यवाद तगर, हे मी लिहिणारच होतो, तुम्ही छान लिहिलंत. अठरा वर्षांची शाळा हुकमाने बंद होत नाही, ती फक्त व्हिएन्नातून उठून गेली. म्हणूनच मला तिचं मोठेपण वाटतं.

शेवटची वर्षं कष्टाची गेली. दुसरी पत्नी लुईझ १९१५मध्ये गेली. तिच्यावर त्याचा अतोनात जीव होता. ती गेल्यावर तो डायरी लिहायचा ती तिलाच उद्देशून. डोब्लरगासेतल्या स्वतः बांधलेल्या साध्या, निळसर काचांच्या पट्ट्या लावलेल्या इमारतीत ११ एप्रिल १९१८ला तो वारला. युद्ध संपायला सात महिने होते. त्याच वर्षी क्लिम्ट, मोझर आणि शीले हे चित्रकारही गेले. एका शहराने एका वर्षात एवढी माणसं गमावावीत, याचा विचार केला की सुन्न व्हायला होतं.

दगडधोंडा

एक तक्रार नोंदवतो. १९११मध्ये त्याने ‘महानगर’ म्हणून जी योजना मांडली त्यात एकसारख्या उंचीच्या इमारती, सरळसोट रस्ते, शहर हवं तेवढं वाढत राहणार. लाख-दीड लाख वस्तीचे विभाग एकापुढे एक. चित्रं सुंदर आहेत, पण राहायला नको वाटतं. ज्याने आखूड बाकाचा विचार केला त्याला लांबच लांब रस्त्याचा कंटाळा कसा दिसला नाही?

आडवाट

@दगडधोंडा, यात मी तुमच्या बाजूने आहे. वीस लाखांच्या वर गेलेल्या शहराला घरं कशी पुरवायची या चिंतेतून ते आलंय, आणि प्रत्येक विभागाला मधोमध मोकळी जागा, शाळा, सार्वजनिक इमारती दिल्या आहेत हेही खरं. पण कागदावरच्या त्या शहरात मला माणूस दिसत नाही. त्याच्या शिष्यांनी कामगारवस्त्या बांधताना अंगणं आत घेतली, हे गुरूच्या पुढचं पाऊल.

पानगळ

पुढच्या महिन्यात लेकीकडे चालले आहे, व्हिएन्नाला दोन दिवस आहेत. गुडघे फार चालू देत नाहीत. यातलं काय बघू?

मुक्काम_व्हिएन्ना

@पानगळ ताई, पहिल्या दिवशी यू-४ने कार्ल्सप्लात्झला उतरा. दोन जुने मंडप समोरासमोर आहेत, एकात छोटं संग्रहालय, दुसऱ्यात कॅफे. मेट्रोच्या कामात हे पाडायला निघाले होते, लोकांनी विरोध केला म्हणून सुटे करून पुन्हा उभारले. तिथून केटनब्रुकनगासे स्टेशन एकच थांबा, बाहेर पडलात की नाशमार्क्ट आणि फुलांची इमारत जवळच. फुलं जवळून बघा, टाइल्स आहेत, धुतल्या की स्वच्छ, म्हणून त्याने वापरल्या. मग ट्रामने पोस्ट बँक, हॉलमध्ये बसायला मिळतं.

दुसरा दिवस चर्चसाठी ठेवा. ते रोज दिवसभर उघडं नसतं, तेव्हा आधी वेळ बघूनच निघा. आवाराच्या फाटकापासून माथ्यापर्यंत चढ आहे, गुडघ्यांना त्रास होईल. चढावरचं चालणं वाचेल अशी बस मिळते का, ते लेकीला आधी बघून ठेवायला सांगा.